आवाज शोधण्याचे पैसे

गाडीच्या दुरुस्तीचं कुठलंही बिल काढून बघा. पार्टचं नाव, नंबर, नग, किंमत, जीएसटी. त्याखाली लेबर: हे बदलण्याचं इतकं, ते बसवण्याचं इतकं. आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला कुणीतरी कान लावला, डोकं चालवलं, मैदानात गाडी गोल गोल फिरवली, त्याची मात्र त्या कागदावर एक ओळही नसते. माझं म्हणणं इतकंच आहे, की ती ओळ बिलात आली पाहिजे, सगळ्या पार्टच्या वर आली पाहिजे आणि तिच्यापुढे रक्कम पाहिजे. ती नाही म्हणून चांगले पार्ट भंगारात जातात, खराब पार्ट गाडीत तसेच राहतात आणि गिऱ्हाईक दोन्हीचे पैसे भरतं.

मी चिपळूणहून लिहितेय. गॅरेज बाबांनी काढलेलं, आता धाकटा भाऊ आणि मी चालवतो. पाना त्याच्या हातात. गिऱ्हाइकाशी बोलणं, ट्रायल मारणं आणि आवाज पकडणं हे माझ्याकडे. त्यामुळे या विषयात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पण हा प्रश्न आमच्या एका गॅरेजचा नाही. ज्याच्या घरी गाडी आहे त्या प्रत्येकाच्या खिशाचा आहे, आणि घाटातून ये-जा करणाऱ्यांच्या जिवाचाही आहे.

‘सरळ चालते हो ताई, पण वळली की घर्र करते.’ पावसाळा लागला की ही तक्रार आमच्याकडे सुरू होते आणि गणपतीत तिचा कळस होतो. मुंबईचे चाकरमानी रात्रभर गाडी हाणत, कित्येक वर्षं रखडलेल्या चौपदरीकरणातले खड्डे, वळणरस्ते आणि सुटी खडी तुडवत परशुराम घाट उतरतात. सकाळी गाडी दारात लावताना स्टिअरिंग पुरतं वळवलं की पुढच्या चाकातून आवाज. घरात गणपती बसायचाय, परत जायचं तिकीट नाही, गाडीच आहे. अशा वेळी माणूस म्हणतो, काय ते बदलून टाका आणि मोकळं करा. या ‘बदलून टाका’पासूनच चूक सुरू होते.

वळताना गाडीत एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. वजन वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतं, म्हणजे डावीकडे वळलात तर उजव्या चाकांवर येतं. पुढची चाकं तिरकी होतात, पण इंजिनाचा जोर त्यांच्यापर्यंत पोचवणारा एक्सल तसा वाकत नाही, त्याच्या टोकाचा जॉइंट वाकतो. टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरजवळ जातो. स्प्रिंग आणि शॉकअप वरच्या माउंटिंगवर फिरतात. हबवर आडवा दाब येतो आणि डिस्क तिच्या मागच्या पत्र्याच्या केसभर जवळ सरकते. यातल्या कुठल्याही ठिकाणी बिघाड असला तरी गिऱ्हाईक एकच वाक्य बोलणार: वळली की आवाज येतो. त्या वाक्यावरून पार्ट ठरवणारा मेकॅनिक अंदाजाने बदलतोय, एवढं समजून चाला.

म्हणून आम्ही आधी विचारतो. गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तरी येतो का? तसं असेल तर चाकाचं बेअरिंग आणि एक्सल यांच्याकडे बघायचं कारणच नाही, कारण चाक फिरतच नाहीये. मग वरचं माउंटिंग बघायचं. तिथे स्प्रिंग अडकून सुटते तेव्हा ‘टण्’ असा आवाज येतो आणि बोनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवला तर तो हाताला लागतो. जुन्या, तेलाच्या पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलं की पंप रडतो. तेल कमी असेल तर जास्तच. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, तिथे तेलाचा प्रश्नच येत नाही. तरी ‘पॉवर स्टिअरिंगचं तेल बदललं’ असं सांगून पैसे घेतलेली गाडी आमच्याकडे आलेली आहे.

पुढचा प्रश्न: फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येतो की हायवेला हलक्या वळणावरही येतो? रेस दिल्यावर वाढतो का? गाडी न्यूट्रलला सोडून दिली तरी येतो का? ब्रेक अलगद दाबला तर बंद होतो, बदलतो की वाढतो? उत्तरं ऐकता ऐकता निम्मे पार्ट संशयातून सुटतात. मग एसी बंद, गाणी बंद, काचा खाली आणि ट्रायल. मोकळं मैदान असेल तर आधी डावीकडून चक्कर, मग उजवीकडून, माणूस चालतो त्याहून थोड्या जास्त वेगात. त्यानंतर कंपाउंडच्या भिंतीला लागून सावकाश जायचं, कारण भिंतीवर आपटून आवाज परत कानाशी येतो आणि कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. गाडी ज्याची आहे त्याला मी शेजारी बसवते. त्याचा आवाज आणि मी ऐकलेला आवाज एकच आहे, याची खात्री होईपर्यंत भाऊ पाना उचलत नाही.

आता कटकट. मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट-कट, आणि वेग वाढला की ठेकाही वाढतो: हा एक्सलचा बाहेरचा जॉइंट, ज्याला सगळे सीव्ही जॉइंट म्हणतात. बाबांच्या उमेदीच्या काळात ही तक्रार गॅरेजात फारशी नव्हतीच, कारण अ‍ॅम्बेसिडर आणि पद्मिनीची मागची चाकं ओढायची. लांब शाफ्ट आणि त्याचे क्रॉस यांचं दुखणं असायचं. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनीच वळायचंही आणि ओढायचंही हा प्रकार घरोघरी पोचला. तेव्हापासून पुढच्या प्रत्येक चाकामागे रबराचा एक घड्या घातलेला बूट आला. सगळं त्या बुटावर आहे.

बूट फाटतो तेव्हा आवाज येत नाही. नुसती बारीक चीर पडते. चाक फिरताना आतलं काळं ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला, लायनरवर त्याचा पट्टा उमटतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात चाकामागे डोकावलं तर हा पट्टा कुणालाही दिसेल. या टप्प्यावर जॉइंट उघडून धुवायचा, नवं ग्रीस भरायचं, नवा बूट आणि नव्या क्लिपा लावायच्या, की काम झालं. खर्च शेकड्यांत. पण आवाज नाही म्हणून कुणी येत नाही. मग जांभ्याची लाल माती आणि चार महिन्यांचं पाणी त्या चिरेतून आत जातं. भाऊ असा जॉइंट उघडतो तेव्हा मला बोलावतो, गिऱ्हाईक असेल तर त्यालाही. आत सहा छर्रे, त्यांना धरून ठेवणारी जाळी आणि छर्रे सरकायच्या खाचा. ग्रीस उरलेलं नसतं, तांबूस काळा चिखल असतो. बोटांत चोळला की रेती लागते. छर्रा पुसून उजेडात धरला की त्यावर नखाला जाणवणारा खड्डा दिसतो आणि खाचेतही तसाच. आता बूट बदलून काही होत नाही. खर्च हजारांत गेला.

अशा वेळी पूर्ण एक्सल बदलायला सांगणारा मेकॅनिक लबाड नसतो. पण बूट नुसता चिरलेला, जॉइंट ठणठणीत, आणि तरी एक्सल बदला असं सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. बूट बदलायला एक्सल उतरवावाच लागतो, धुण्याचं काम किचकट, हात बरबटतात आणि बिलात बूट आणि थोडं लेबर एवढंच दिसतं. नवा एक्सल लावला तर काम सोपं आणि पार्टवरचं मार्जिन वेगळं. हिशेब कुठल्या बाजूला झुकतो हे सांगायला नको.

बेअरिंगचा आवाज वेगळा. तो कटकटत नाही, गुरगुरतो. चाळीसच्या पुढे सुरू होतो, वेगाबरोबर चढतो, आणि इंजिनाच्या रेसशी त्याचा संबंध नसतो. न्यूट्रलला सोडलं तरी चालूच. हायवे मोकळा बघून गाडी हलकेच डावीकडे झुकवली आणि आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग, उजवीकडे झुकवल्यावर वाढला तर डावं. वजन ज्या चाकावर आलं त्याचं बेअरिंग ओरडतं. पण ‘बहुतेक वेळा’ हा शब्द इथे सोडू नका. टायर लाटांसारखा झिजला असेल तर तोही हुबेहूब असाच गुरगुरतो. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून एक चक्कर मारली, की आवाज टायरबरोबर मागे गेला का ते कळतं. शेवटी चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहातात येते. चाक वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा खेळ कळतो, आडवं धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या रॉडचा. हे करायला मशीन लागत नाही. वेळ लागतो.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा शहरातल्या किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आमचं गॅरेजही त्यात होतं, ते इथे सांगत बसत नाही. पाणी उतरल्यावर लोकांनी इंजिन बघितलं, वायरिंग बघितलं, सीट वाळवल्या. चाकांच्या बेअरिंगकडे कुणाचं लक्ष जाणार? त्या गाड्या पुढे कित्येक महिने एकेक करून गुरगुरत आमच्याकडे येत राहिल्या. सील म्हणजे बेअरिंगच्या तोंडावरचं रबर. ते रस्त्यावरचं उडालेलं पाणी अडवतं, पण तासन्‌तास गाळाच्या पाण्यात बुडून राहण्यासाठी ते केलेलं नसतं. गाळ आत जातो, ग्रीस धुपतं, गंज धरतो आणि आवाज यायला दिवाळी उजाडते. तोवर बऱ्याच जणांचे विम्याचे दावे मिटलेले होते. पुरात बुडलेली गाडी गॅरेजच्या रांगेत आल्या आल्या चारही चाकं उचलून फिरवून बघायला कुणाला पैसे मिळत असते, तर कितीतरी बेअरिंग तेव्हाच विम्याच्या यादीत आली असती. हे मला अजून लागतं.

बेअरिंग बसवण्याबद्दल एक सांगायलाच हवं. ते प्रेसवर बसवायचं असतं, आणि हाउसिंगमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. हातोड्याने ठोकून बसवलं की छर्ऱ्यांचे ठसे आतल्या वाटेवर उमटतात आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत गुरगुरायला लागतं. हबचा मोठा नटही अंदाजाने आवळायचा नसतो; प्रत्येक गाडीला कंपनीने आकडा दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. गॅरेजात प्रेस आहे का, टॉर्क पाना आहे का, हे गिऱ्हाइकाने बेधडक विचारावं. कुणाला राग आला तर येऊ द्यावा.

ज्या प्रसंगाने मला हे लिहायला भाग पाडलं तो दगडाचा आहे. गुहागर बाजूचे एक निवृत्त शिक्षक, सोबत त्यांच्या मिसेस. छोटी पेट्रोल गाडी, जिवापाड जपलेली. वळताना पुढून कर्रर्र असा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने त्यांना छापील एस्टिमेट दिलं होतं: पुढची दोन्ही बेअरिंग, दोन्ही एक्सल, डिस्क आणि पॅड. रकमेत त्यांच्या काही महिन्यांच्या पेन्शनचा खुर्दा झाला असता. मी विचारलं, ‘सर, ट्रायल कुणी घेतली?’ ते म्हणाले, ‘घेतली नाही. गाडी आत नेली आणि कागद बाहेर आला.’

आम्ही मैदानात गेलो. डावीकडे वळताना आवाज, उजवीकडे जवळजवळ नाही. न्यूट्रलला तसाच. ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बदलायचा. आणि मागे घेतली तर एकदम बंद, पुन्हा पुढे घेतली की दोन चकरांनी सुरू. इतकं कळल्यावर चाक उतरवलं. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं एक कव्हर असतं, चिखल-पाणी डिस्कवर उडू नये म्हणून. ते खालच्या बाजूला आत वाकलेलं होतं, आणि त्याच्या नि डिस्कच्या मध्ये हायवेची खडी अडकली होती, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. वळताना हब केसभर झुकला की डिस्क तिच्यावर घासायची. भावाने स्क्रू ड्रायव्हरने पत्रा अलगद ओढला. खडी फरशीवर पडली. पत्रा जागेवर वळवला, डिस्कवर उमटलेली रेघ बोटाने तपासली, ती खोल नव्हती. पॅड मोजले, भरपूर शिल्लक होते. ते तीन मिलिमीटरच्या खाली गेल्यावर बदलायचे असतात. बेअरिंग फिरवून बघितलं, बूट बघितले, सगळं ठीक. चाक लावलं, पुन्हा चक्कर मारली. शांत.

सरांनी पाकीट काढलं आणि विचारलं, ‘किती झाले?’ पार्ट शून्य. लेबरच्या दरपत्रकात ‘खडी काढणे’ असं काम कुठेच नाही. तासभर मी गाडीत होते, अर्धा तास भाऊ चाकापाशी. मी तपासणीची रक्कम सांगितली. मिसेस म्हणाल्या, ‘अगो, पण काहीच बदललं नाहीत ना तुम्ही?’ त्यांच्या बोलण्यात कंजूषपणा नव्हता. आयुष्यभर त्यांना सगळ्यांनी हेच शिकवलंय, की गाडीत काही नवं लागलं तरच पैसे द्यायचे. सरांनी पैसे दिले, आणि वर म्हणाले, ‘बाई, पावतीवर लिहून द्या, तुम्ही काय काय तपासलंत ते.’ शिक्षकच ते. त्या पावतीवरूनच हा लेख सुचला.

आता मोठ्या वर्कशॉपमधल्या मुलाच्या जागी बसून बघा. दिवसाला ठरलेल्या गाड्या रॅम्पवरून उतरवायच्या. महिन्याचं टार्गेट पार्टच्या विक्रीत मोजलेलं. समोरचं गिऱ्हाईक घड्याळ बघतंय आणि ट्रायलच्या वेळेला बिलात जागा नाही. त्याने खडी शोधली असती तर कंपनीला मिळकत शून्य आणि त्याचा एक तास खर्ची. यादी छापली तर आवाज जाण्याची शक्यता भरपूर, कारण एवढं सगळं उघडून बसवताना खडी आपोआप पडतेच! आवाज गेला म्हणून गिऱ्हाईक खूश, बेअरिंगच खराब होतं असं सगळ्यांचं मत, आणि त्या मुलालाही कधी कळत नाही की तो चुकला. शिकायची वाटच बंद. लबाडीपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. चुकीचं निदान करूनही बक्षीस मिळत असेल तर कान तयार होणार कसे?

संगणक आहे की, असं लोक म्हणतात. स्कॅनर आमच्याकडेही आहे आणि बीएस 6च्या गाड्या त्याच्याशिवाय दुरुस्त होत नाहीत, हे मान्य. पण स्कॅनर वाचतो तारांमधून आलेले संकेत. फाटलेल्या बुटाला तार नाही, अडकलेल्या खडीला नाही, झिजलेल्या बुशला नाही. स्कॅनर लावला, काही कोड नाही, म्हणून ‘गाडीत प्रॉब्लेम नाही’ असं सांगून परत पाठवलेल्या गाडीचा बॉल जॉइंट हातात येईल इतका सैल आम्ही पाहिला आहे. कुंभार्ली घाटात तो निसटला असता तर चाक आडवं झालं असतं. तिथल्या वळणांवर दुसरी संधी मिळत नाही.

आणि कधी कधी दोष मुळी नसतोच. पाटणच्या बाजूचा एक तरुण शेतकरी फोर बाय फोर घेऊन आला. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी कण्हते, धक्के देते, स्टिअरिंग जड होतं. दोन ठिकाणी त्याला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. लिव्हर बघितला तर गाडी कायम चार चाकांच्या जोरावर टाकलेली. वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात ती घसरून हा फरक फेडतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. डांबरावर टू व्हीलला टाका, एवढंच त्याला सांगितलं. गिअरबॉक्स वाचला. त्या एका वाक्याचं मोल किती धरायचं? आज बाजारात ते शून्य आहे.

डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, घरी जा’ म्हटलं तरी आपण फी देतो, उलट सुटकेचा श्वास टाकतो. गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं वागतो. लेबरमध्ये घासाघीस करतो, पार्टच्या किमतीत करत नाही, कारण ती डब्यावर छापलेली असते. आणि मग गॅरेजवाले लुटतात म्हणतो. गॅरेजवाल्याने जगावं कशावर हे आपणच ठरवून दिलं आहे: डब्यांवर.

काही गॅरेज तपासणीचा चार्ज लावतात आणि पुढे लिहितात, ‘काम इथेच केल्यास माफ’. ऐकायला बरं वाटतं, पण मला ही पद्धत पटत नाही. काम निघालं तर तपासणी फुकट, नाही निघालं तर पैसे, म्हणजे पुन्हा काम काढण्याचाच मोह. तपासणीची रक्कम काम निघो न निघो, तेवढीच राहिली पाहिजे. गाडी आत घेण्याआधी ती सांगितली पाहिजे आणि भिंतीवर लावली पाहिजे. चारचाकीच्या साध्या सर्व्हिसिंगच्या लेबरपेक्षा ती कमी असावी, पण माणसाच्या तासाभराच्या कौशल्याला शोभेल इतकी असावी.

गिऱ्हाइकाचंही काम आहे. आवाज कधी येतो ते घरून लिहून आणा: उभी असताना की चालताना, डावीकडे की उजवीकडे, कुठल्या वेगाला, ब्रेक लावून की न लावता, पावसात उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा की दिवसभर. रात्रभर पावसात राहिलेली गाडी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो आणि तो आपोआप जातो. ट्रायलला बरोबर बसायचा आग्रह धरा. पार्ट बदलला तर जुना हातात मागा आणि त्यात काय बिघडलंय ते दाखवायला सांगा. टायर मोठे टाकले असतील तर ते लपवू नका, कारण लायनरला घासणारा टायर शोधण्यात निम्मा दिवस जाऊ शकतो. आणि ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा चाक हलवल्यावर खेळत असेल, तर चालवत आणू नका, टोइंग करा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँडशिवाय डोकं घालू नका, मेकॅनिक घालत असेल तर त्यालाही अडवा.

सरकारने 2019चा ग्राहक संरक्षण कायदा केला, त्यात सेवेतल्या त्रुटीची दाद मागता येते. 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. 2022च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने पोर्टलही सुरू केलं. चांगली पावलं आहेत. पण ‘चुकीचा पार्ट बदलला’ हे गिऱ्हाईक सिद्ध कशावरून करणार? मेकॅनिकने आधी काय ऐकलं, काय तपासलं याची नोंदच नसेल तर कुठलाही कायदा पांगळा. ही नोंद जॉब कार्डवर सक्तीची झाली पाहिजे, आणि ती मराठीत असली पाहिजे, म्हणजे ज्याची गाडी आहे त्याला वाचता येईल. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथली मुलं आमच्याकडे शिकायला येतात, हातानं चांगली असतात. त्यांच्या प्रात्यक्षिकात इंजिन खोलून जोडण्याइतकेच गुण ‘आवाज ऐका, कारण लिहा, मग उघडा’ याला दिले तर फार खर्च येणार नाही. शिकवणाऱ्याने एखाद्या जुन्या गाडीत मुद्दाम एक दोष घालून ठेवायचा, बस.

मला नेहमी विचारला जाणारा अवघड प्रश्न वेगळा आहे: तपासलं आणि काहीच सापडलं नाही, तर पैसे कशाचे? असं होतं. आवाज ट्रायलला येत नाही आणि गिऱ्हाईक रस्त्याला लागलं की येतो. माझं उत्तर असं आहे, की तेव्हाही पैसे घ्यावेत, पण पावतीवर प्रत्येक ठिकाण लिहून द्यावं: बूट दोन्ही बाजूंचे पाहिले, अखंड, बेअरिंग फिरवली, खरखर नाही, पॅड मोजले, इतके मिलिमीटर, पत्रे, लायनर, माउंटिंग, लोअर आर्म पाहिले, इतक्या वेगापर्यंत ट्रायल घेतली, आवाज आला नाही. खाली तारीख, किलोमीटर आणि तपासणाऱ्याची सही. तो कागद गाडीच्या खणात राहील. आठवड्याने गिऱ्हाईक साताऱ्यात किंवा पनवेलला दुसऱ्या गॅरेजात गेलं, तर तिथला माणूस बेअरिंगपासून सुरुवात करणार नाही, उरलेल्यापासून करेल, आणि त्यात आमची चूक सापडली तर त्याच कागदावर, आमच्या सहीखाली, ती लिहील.